आवडलेलं पुस्तक दुसऱ्याच्या हाती देताना

ग्रंथालयात नुकत्याच रुजू झालेल्या एका सहायक मुलीचा प्रश्न आहे: ‘आमच्याकडे “आम्हांला आवडलेली पुस्तकं” अशी एक वेगळी मांडणी सुरू करायची आहे. तान्ह्या बाळांपासून आजी-आजोबांपर्यंत सगळ्यांसाठी पुस्तकं हवीत आणि ती कर्मचाऱ्यांनीच सुचवायची. मी याआधीही माझी आवडती पुस्तकं सभासदांना दिली, पण बरीचशी न वाचताच परत आली. माझी निवड चुकते की सांगायची पद्धत?’

निवड बहुधा ठीकच असते. आवडलेलं पुस्तक हातात आलं की आपण इतके भरभरून बोलायला लागतो की समोरच्याला काय हवंय हे विचारायचं राहून जातं, आणि पुस्तक परत येण्याचं कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं. मी वीसहून जास्त वर्षं देवघेव काउंटरवर काढली आहेत. पहिली काही वर्षं मीही असंच करत होते. वडिलांच्या आजारपणावरची एक कादंबरी तेव्हा मला इतकी भिडली होती की येईल त्याला मी तीच द्यायची. एका नेहमीच्या सभासद बाईंनाही मोठ्या उत्साहानं दिली. तिसऱ्या दिवशी त्यांनी ती काउंटरवर ठेवली आणि काही न बोलता निघून गेल्या. त्यांचे वडील महिन्याभरापूर्वीच गेले होते, हे मला नंतर दुसऱ्या कुणाकडून कळलं. पुस्तक चांगलं होतं. ते कुणाच्या हातात जातंय, हे मी पाहिलं नव्हतं. तेव्हापासून पुस्तक सुचवण्याआधी दोन-तीन प्रश्न विचारल्याशिवाय मी मांडणीकडे वळत नाही.

‘तुम्हांला कशी पुस्तकं आवडतात?’ हा प्रश्न मात्र विचारू नका. याला लोक विचारपूर्वक, शोभेलसं उत्तर देतात: ऐतिहासिक, वैचारिक, चरित्र. त्यातून काहीच हाती लागत नाही. त्याऐवजी विचारा, ‘संपू नये असं वाटलेलं शेवटचं पुस्तक कोणतं?’ आणि मग, ‘त्यातलं काय लक्षात राहिलंय?’ दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी सांगितलेली एक कल्पना मला रोज उपयोगी पडते. वाचक पुस्तकात चारपैकी एका दारातून शिरतो: गोष्ट, माणसं, परिसर किंवा भाषा. ‘पुढे काय होतंय या ओढीनं रात्री दोनपर्यंत वाचलं’ म्हणणारा गोष्टीच्या दारातून आलेला असतो. ‘ती आत्या अगदी आमच्या घरातली वाटली’ असं म्हणणारी माणसांच्या दारातून येते. कुणी डोंगर, पाऊस, गल्ल्या आठवत राहतो, कुणी एखादं वाक्य तोंडपाठ म्हणून दाखवतो. गोष्टीच्या दारानं येणाऱ्याला तुम्ही भाषेसाठी आवडलेलं संथ पुस्तक दिलंत तर ते विसाव्या पानावर मिटणार. दोघांचाही त्यात दोष नसतो.

आणखी एक गोष्ट विचारायची: आत्ता वेळ आणि मन कसं आहे? तोच माणूस परीक्षेच्या दिवसांत वेगळं पुस्तक मागतो आणि सुट्टीत वेगळं. रुग्णालयात कुणाच्या उशाशी बसून वाचायचं असेल तर छोटी प्रकरणं लागतात, कारण दर दहा मिनिटांनी उठावं लागतं. आपण विचारलं तर लोक हे सांगतात, आपणहून नाही.

मांडणीवर आपण प्रत्यक्ष हजर नसतो, म्हणून तिथे हे काम चिठ्ठीला करावं लागतं. पुस्तकासोबत लावायची चार ओळींची चिठ्ठी हा या सगळ्या उपक्रमाचा गाभा आहे, आणि नेमकी तीच सगळ्यात घाईत लिहिली जाते. ‘अप्रतिम! प्रत्येकानं वाचायलाच हवं!’ या चिठ्ठीतून वाचकाला एवढंच कळतं की लिहिणाऱ्याला पुस्तक आवडलं. ते त्याला मांडणीच्या नावावरूनच कळलेलं असतं. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’साठी मी लिहिलेली चिठ्ठी अशी आहे: ‘एक तरुण मास्तर धनगरांच्या वस्तीवर शिकवायला येतो. फार मोठं काही घडत नाहीये असं वाटत राहतं आणि मिटल्यावर त्या माणसांना सोडून यावंसं वाटत नाही. लहान पुस्तक आहे, सावकाश वाचा. शेवट उदास करणारा आहे.’ शेवटचं वाक्य मी मुद्दाम ठेवते. उदास शेवट नको असलेला वाचक ते वाचून पुस्तक खाली ठेवतो आणि ज्याला तसंच काही हवं असतं तो ते उचलतो. दोघांचाही वेळ वाचतो. ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हा ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सिद्धांतांपैकी चौथा. आपण तो तालिकेपुरता, म्हणजे पुस्तकांच्या नोंदसूचीपुरता, आणि वर्गांकापुरता, म्हणजे विषयानुसार पुस्तकाला दिलेल्या क्रमांकापुरता, लागू करतो. चिठ्ठीलाही तो तितकाच लागू आहे.

चिठ्ठी हातानं लिहा आणि तीसेक शब्दांत संपवा. कथानक सांगत बसू नका, ते मलपृष्ठावर असतंच. पुस्तक वेगवान आहे की संथ, हसवतं की अस्वस्थ करतं, किती जाड आहे, त्यात हिंसा किंवा मृत्यू येतो का, एवढं आलं की पुरे.

आता वयांकडे येते. वयोगटाच्या पाट्या लावाव्या लागतात, नाहीतर पालक गोंधळतात. पण आपण स्वतः त्या पाट्यांवर फार विसंबू नये. ‘द लिटल प्रिन्स’ हे १९४३ सालचं पुस्तक एका प्रौढ मित्राला अर्पण केलेलं आहे आणि अर्पणपत्रिकेतच लेखकानं त्याबद्दल मुलांची क्षमा मागितली आहे. ते बालविभागात ठेवावं की मोठ्यांच्या? मी दोन प्रती घेऊन दोन्हीकडे ठेवते. ‘तोत्तोचान’चंही तसंच. आगगाडीच्या डब्यांत भरणारी शाळा म्हणून आठ वर्षांचं मूल त्यात रमतं, आणि तेच पुस्तक वाचून एक निवृत्त शिक्षिका माझ्यासमोर रडल्या आहेत.

तान्ह्या मुलांसाठी पुस्तक सुचवताना खरा वाचक मांडीवर घेणारा मोठा माणूस असतो, हे लक्षात ठेवा. नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटीमीटरवरचंच नीट दिसतं, म्हणजे मांडीवर घेऊन धरलेल्या पुस्तकाइतकं अंतर. म्हणून ठळक आकार आणि गडद-फिक्या रंगांचा स्पष्ट फरक असलेली चित्रं निवडा. पानं जाड पुठ्ठ्याची असावीत, कारण ती चावली जाणार आहेत, आणि ते होऊ द्यायचं असतं. ‘पुस्तक फाडेल’ या भीतीनं पुस्तक उंचावर ठेवणाऱ्या आईला मी सांगते, फाटलं तर आणा, आम्ही चिकटवू. आधी आपल्या ग्रंथपालांशी बोलून तसा नियम करून घ्या, मगच हे वचन द्या.

तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या चित्रपुस्तकांवर मला जरा थांबायचंय, कारण सगळ्यात जास्त चुकीच्या शिफारशी इथे होतात. आपण चित्रं चाळतो, सुंदर आहेत म्हणतो आणि पुस्तक मांडणीवर ठेवतो. चित्रपुस्तक मोठ्यानं वाचल्याशिवाय कधीही सुचवू नका. मोठ्यानं वाचताना वाक्य जिभेवर अडखळलं, तर रात्री दमून आलेले बाबाही तिथेच अडखळणार आणि दुसऱ्या दिवशी ते पुस्तक बाहेर काढणार नाहीत. अनुवादित पुस्तकांत हे फार होतं. मूळ भाषेतला ताल हरवतो आणि उरतं ते माहितीपत्रकासारखं वाक्य. दुसरी कसोटी पान उलटण्याची. चांगल्या चित्रपुस्तकात पान उलटताना काहीतरी घडतं: उत्तर मिळतं, हसू येतं, नाहीतर मूल दचकतं. तिसरी कसोटी अशी की चित्र शब्दांपेक्षा जास्त काही सांगतंय का? शब्दांत ‘मांजर झोपलं’ एवढंच आहे आणि चित्रात पलंगाखालून उंदराची शेपटी डोकावतेय, तर मूल वाचणाऱ्याला थांबवून ती दाखवणार. ते थांबवणं हेच त्याचं वाचन आहे, असं पालकांना आवर्जून सांगा. तेच पुस्तक पंधराव्यांदा मागितलं तरी द्यायचं. पुढे काय येणार हे माहीत असण्यात या वयाला सुरक्षित वाटतं आणि शब्दही असेच पक्के होतात.

सात ते दहा या वयात मूल स्वतः वाचू लागतं आणि मालिकांना चिकटतं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे एकदा सापडला की त्याची सगळी पुस्तकं संपेपर्यंत दुसरं काही नको असतं. पालक तक्रार करतात, ‘सारखं तेच वाचतो, काहीतरी चांगलं द्या.’ अशा वेळी मी मुलाची बाजू घेते. ओळखीच्या नायकाबरोबर गेल्यामुळे मुलाला दर वेळी नवी माणसं, नवी जागा समजून घ्यायचे कष्ट पडत नाहीत आणि त्याची सगळी ताकद वाचनाचा वेग वाढण्यात जाते. चित्रकथांचंही तेच. मालिका संपली की ‘आता यातलं काय आवडलं होतं?’ असं विचारून पुढचं पुस्तक द्या. साहस आवडलं असेल तर साहस, आणि गंमत आवडली असेल तर गंमतच द्या.

भाषा कितपत अवघड आहे हे बघायला पाच बोटांची साधी रीत आहे. मूल मधलं एखादं पान वाचतं, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट उघडतं. पाचही बोटं उघडली तर ते पुस्तक आत्ता एकट्यानं वाचायला जड आहे. ही रीत मुलाला शिकवा, पालकांच्या हातात देऊ नका, नाहीतर तिची परीक्षा होते. आणि ज्या मुलाला डायनोसॉरचं वेड आहे ते दहा बोटांचं पुस्तकही वाचून काढतं. तिथे बोटं मोजू नका.

दहा-बारा वर्षांची मुलं पालकांबरोबर काउंटरवर येतात आणि पालक बोलू लागतात. तुम्ही मुलाकडे बघा. प्रश्न मुलाला विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. ती पाच-सात सेकंदांची शांतता पालकांना सहन होत नाही, तुम्ही मात्र सहन करा. मग तीन पुस्तकं काढा, प्रत्येकाबद्दल एक वाक्य बोला, ती टेबलावर ठेवा आणि दुसऱ्या कामाला लागा. तुम्ही समोर उभे असाल तर मूल तुम्हांला बरं वाटावं म्हणून निवडतं. या तीनमध्ये मी एक हिशेब ठेवते. बालसाहित्याच्या अभ्यासक रुडाइन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये लिहिलं की पुस्तकं कधी आरसा असतात, कधी खिडकी, आणि कधी सरकतं काचेचं दार, ज्यातून पलीकडे जाता येतं. म्हणून एका पुस्तकात त्या मुलाला आपल्यासारखं कुणीतरी दिसावं आणि एका पुस्तकात अजिबात न पाहिलेलं जग असावं. ज्या मुलांना आजवर एकही आरसा मिळालेला नाही, त्यांच्यासाठी तो शोधणं हे आपलं काम आहे. मी ते फार मनावर घेते. चष्मा लावणारी, अडखळत बोलणारी, आई नसलेली, चाकांच्या खुर्चीवरून येणारी मुलं आपल्या सभासदांत आहेत. ती आपल्या मांडणीवरच्या पुस्तकांत आहेत का, हे एकदा खरंच तपासून बघा.

वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ या वयाला चालतं, आणि मोठ्यांनाही. गुलाम म्हणून जन्मलेला मुलगा पुढे कृषिशास्त्रज्ञ होतो ही खरी हकिगत आहे. ‘चरित्र नको, कंटाळवाणं असतं’ म्हणणाऱ्या मुलांना मी ते ‘चरित्र’ हा शब्द न उच्चारता देते.

किशोरवयीन मुलं आपल्याला काही विचारत नाहीत आणि आपण त्यांच्या मागे मागे फिरू नये. त्यांच्या भागातल्या चिठ्ठ्या त्यांनाच लिहू द्या. घरी नेत असलेल्या पुस्तकावर कोणतीही टिप्पणी करू नका, ‘अरे वा’सुद्धा नाही. ॲन फ्रँकला तेराव्या वाढदिवशी डायरी मिळाली, एवढंच सांगून ते पुस्तक एका तेरा वर्षांच्या मुलीसमोर ठेवलं होतं. पुढचं तिनं स्वतः केलं.

मोठ्यांमध्ये मला सगळ्यात जास्त आपुलकी वाटते ती ‘पूर्वी खूप वाचायचो, आता होतच नाही’ असं ओशाळून सांगणाऱ्यांबद्दल. त्यांना गाजलेली पाचशे पानी कादंबरी देऊ नका. ती महिनाभर उशाशी पडून राहते, दोनदा मुदत वाढवून घेतली जाते आणि मग माणूस ग्रंथालयातच यायचा थांबतो. शंभर-सव्वाशे पानांचं पुस्तक द्या, किंवा कथासंग्रह द्या आणि त्यातली कोणती कथा आधी वाचायची तेही सांगा. एक पुस्तक पूर्ण वाचून संपवल्याचा आनंद त्यांना पुन्हा मिळायला हवा. आणि अर्धवट सोडायची मोकळीक देऊन टाका. नॅन्सी पर्ल यांचाच नियम आहे: पन्नास पानं वाचून बघा, नाही रुचलं तर सोडा. वय पन्नासच्या पुढे असेल तर शंभरातून वय वजा करा आणि तेवढीच पानं वाचा. सत्तरीच्या सभासदाला हे सांगितलं की त्यांचा चेहरा खुलतो: फक्त तीस पानं!

जे मोठेपणी वाचायला शिकले आहेत त्यांना मुलांची पुस्तकं देऊन अवघडवू नका. भाषा सोपी हवी, विषय मात्र मोठ्या माणसाचा हवा. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मी अशा बायकांना अनेकदा सुचवली आहेत. लक्ष्मीबाई स्वतः लग्नानंतर नवऱ्याकडून लिहाय-वाचायला शिकल्या होत्या, आणि त्यांचं लिहिणं समोर बसून बोलल्यासारखं आहे. काही जुने शब्द अडतात, पण प्रसंग सुटे सुटे असल्यामुळे कुठूनही उघडून वाचता येतं.

वयस्क सभासदांच्या बाबतीत मी एक गोष्ट फार उशिरा शिकले. एक आजोबा दर आठवड्याला जाडजूड पुस्तक नेत आणि न वाचता परत आणत. मला वाटलं विषय आवडत नसेल, म्हणून मी विषय बदलत राहिले. शेवटी त्यांनीच मनगट दाखवलं. सांधेदुखीमुळे त्यांना ते पुस्तक पाच मिनिटांवर धरवत नव्हतं. तेव्हापासून वयस्कांसाठी पुस्तक निवडताना मी ते आधी एका हातात धरून बघते. वजन, अक्षराचा आकार (१६ पॉइंट किंवा त्याहून मोठा असेल तर उत्तम), दोन ओळींमधली जागा, कागदाची चकाकी आणि पुस्तक सपाट उघडतं की नाही, हे सगळं आशयाइतकंच महत्त्वाचं आहे. जाड ग्रंथ हवाच असेल तर दोन खंडांतली आवृत्ती शोधा, नाहीतर ऐकायचं पुस्तक सुचवा. ऐकणं हेही वाचनच आहे, हे मात्र तुम्ही ठामपणे सांगायला हवं, कारण त्यांना स्वतःला ते कमीपणाचं वाटतं. आणि ‘आजी-आजोबा म्हणजे धार्मिक पुस्तकं’ असं धरून चालू नका. माझ्याकडच्या रहस्यकथांच्या सगळ्यात पक्क्या वाचक ऐंशी पार केलेल्या आहेत.

सुचवणाऱ्यांमध्ये सगळे कर्मचारी हवेत. ग्रंथपाल, लिपिक, शिपाई, पुस्तकं परत जागेवर लावणारे, संध्याकाळी दारं लावणारे, सगळे. मांडणीवर फक्त ग्रंथपालांच्या आवडी असतील तर ती अभ्यासक्रमासारखी दिसते. पुस्तकं लावणाऱ्या माणसाच्या हाताखालून रोज सगळा संग्रह जातो. कोणतं पुस्तक कुणी न मागता मिटलेलं पडून आहे, हे त्याला संगणकापेक्षा आधी ठाऊक असतं. ज्यांना लिहायला संकोच वाटतो त्यांनी तोंडी सांगावं आणि तुम्ही त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावं. सुधारायला जाऊ नका. न वाचलेलं पुस्तक मात्र कुणीही आपलं आवडतं म्हणून ठेवू नये. वाचक पुस्तक परत करताना त्याबद्दल बोलू लागतो आणि पहिल्या दोन वाक्यांत सत्य कळतं. काउंटरवर ‘हे मी वाचलेलं नाही, पण तुम्हांला आवडलेलं ते पुस्तक नेणाऱ्यांनी हेही नेलं होतं’ असं म्हणायला काहीच हरकत नाही.

मांडणीची तयारी थोडक्यात सांगते. पुस्तकं कण्याकडून नको, मुखपृष्ठ समोर ठेवून उभी करा. मुलांची पुस्तकं मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे तुमच्या गुडघ्या-कमरेच्या मध्ये. एकदम साठ पुस्तकं मांडू नका, बारा-पंधरा पुरतात. ताजी, गाजत असलेली पुस्तकं इथे नकोत. त्यांच्यासाठी आधीच रांग असते आणि स्टँड रिकामा राहतो. मागच्या दहा-वीस वर्षांतली, विसरलेली, वर्षभरात एकदाही बाहेर न गेलेली पुस्तकं शोधा. ‘प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक’ हा रंगनाथनांचा तिसरा सिद्धांत, आणि या मांडणीचा खरा उपयोग त्यासाठीच आहे. प्रत्येक पुस्तकाला एक जोडीदार आधीच ठरवून चिठ्ठीसकट खणात तयार ठेवा, म्हणजे एक गेलं की दुसरं लगेच उभं राहील.

शेवटचं, तुमच्या परत आलेल्या पुस्तकांविषयी. काउंटरवर एक वही ठेवा. सभासदाचं नाव लिहायचं नाही, कोण काय वाचतं ही त्याची खाजगी बाब आहे. फक्त पुस्तक, कशासाठी मागितलं होतं, आणि परत देताना काय म्हणाले, एवढंच लिहा: ‘सुरुवात संथ’, ‘अक्षर बारीक’, ‘बहिणीलाही वाचायला दिलं’, ‘पुढचा भाग आहे का?’ परत घेताना ‘आवडलं का?’ असं विचारलंत तर लोक भिडेखातर हो म्हणतात. ‘कुठपर्यंत वाचलंत?’ असं विचारा. तीन-चार महिन्यांनी ती वही उघडून चिठ्ठ्या पुन्हा लिहायला बसा. ज्या पुस्तकापुढे तीनदा ‘सुरुवात संथ’ आलं असेल, त्याच्या चिठ्ठीत लिहा: ‘पहिली चाळीस पानं धीर धरा.’